आप्पांना विचारा : फ्लेक्सवर आलेला हात

प्रश्न १

रामराम आप्पा. पत्र लांबलंय, कापायचं तिथे कापा. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, वय ५९, झेडपीच्या शाळेतून मागच्या वर्षी रिटायर झालो. १९८८ ते १९९९ आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा होता, मी बेस गिटार वाजवायचो. गणपती, नवरात्र, हळदीचे कार्यक्रम, सारंगखेड्याची यात्रा, सगळीकडून सुपाऱ्या यायच्या. यंदा गावातलं मोठं मंडळ गणपतीत आमचा सत्कार करणार आहे, शाल, श्रीफळ, ट्रॉफी, आणि वरून दोन गाणी वाजवा म्हणतात.

मला जायचं नाही. आमचा मेन सिंगर होता तोच हिशोब बघायचा. १९९३ ला आम्ही प्रत्येकी चार-चार हजार काढून मिक्सर आणि दोन अ‍ॅम्प्लिफायर घेतले, चार हजार म्हणजे तेव्हा माझा दीड महिन्याचा पगार. ९९ ला हा म्हणाला शॉर्ट सर्किट झालं, सगळं जळालं. आणि तेच मिक्सर पुढच्या वर्षी मी चोपड्याच्या एका लग्नात पाहिलं, मी माझ्या हाताने लावलेली लाल टेप होती त्याच्यावर, कोपऱ्यात. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं नाही. आता तो स्टेजवर मधोमध बसणार आणि मी कडेला बसून टाळ्या वाजवायच्या का?

घरचे म्हणतात जा, शाल घ्या आणि या. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणाला पप्पा टेन्शन नका घेऊ, डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर पण स्वतःच्या बँडच्या हॉल ऑफ फेमला गेला नव्हता. आम्ही त्यांची कॅसेट पेन्सिलने रिवाइंड करकरून ऐकायचो, मी बेस तशीच शिकलो. तर हे हॉल ऑफ फेम म्हणजे नेमकं काय, तो का गेला नाही, आणि मी तब्येतीचं कारण सांगून टाळलं तर चालेल का?

ता.क. फ्लेक्सवर आमचा १९९१ चा फोटो टाकलाय. आमचा ड्रमवाला २०१४ ला वारला, त्याचं नाव पत्रिकेत नाही, आणि फोटो कापताना तो बाहेर गेला, फक्त त्याचा एक हात आलाय, स्टिक धरलेला.

*(एक बेसवाला, जि. जळगाव)*

उत्तर

भाऊ, रामराम. ता.क. मी दोनदा वाचली, पण तिच्याकडे शेवटी येतो, आधी तुमच्या मार्कभाऊचं बघू.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम म्हणजे अमेरिकेतली एक संस्था, १९८३ ला सुरू झाली, पहिला सत्कार १९८६ ला, आणि क्लीव्हलंड शहरात तळ्याकाठी काचेचं मोठं म्युझियम आहे ते १९९५ ला उघडलं. नियम असा की पहिली रेकॉर्ड निघून २५ वर्षं झाली की तुमचं नाव विचारात घेतलं जातं, मग मतदान होतं. म्हणजे हिशोबच बघा ना, २५ वर्षं. तोपर्यंत बँडमधला एक वारलेला असतो, दोघं कोर्टात भेटतात, एकाने दुसऱ्याच्या जागी नवीन माणूस घेऊन त्याच नावाने दौरे चालवलेले असतात, आणि आता म्हणे या सगळ्यांनी सूट घालून एका स्टेजवर यायचं, हसायचं आणि वरून वाजवायचंही. आपल्याकडे सख्ख्या भावांना वाटण्यांनंतर एका पंगतीत बसवताना काय नाकी नऊ येतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

डायर स्ट्रेट्सचा नंबर २०१८ ला लागला. बँड १९७७ ला लंडनमध्ये जमला होता, मार्क (गाणं आणि गिटार), त्याचा सख्खा भाऊ डेव्हिड, बेसवर जॉन इल्सली आणि ड्रमवर पिक विदर्स. डेव्हिड १९८० लाच बाहेर पडला होता. सत्काराला मार्क गेला नाही. डेव्हिडचं प्रवासखर्चावरून बिनसलं, तोही गेला नाही. गेले कोण तर जॉन इल्सली आणि नंतर बँडमध्ये आलेले दोघं कीबोर्डवाले. आता तिथली पद्धत अशी की दुसरा कोणीतरी मोठा कलाकार येऊन तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलतो आणि मग तुम्हाला वर बोलावतो, जसं आपल्याकडे प्रमुख पाहुणे असतात. डायर स्ट्रेट्ससाठी असा कोणी आलाच नाही. मग बिचाऱ्या जॉननेच माईक घेतला आणि स्वतःच्या बँडचं स्वागत स्वतःच केलं! नवरदेवाने घोड्यावरून उतरून स्वतःच बँडवाल्यांना गाणं सांगावं तसं झालं ते. मार्कबद्दल तो एवढंच म्हणाला की ही त्याची वैयक्तिक बाब आहे, आणि विषय तिथेच सोडला. वाजवणं वगैरे काही झालं नाही.

तर तुमच्या मुलाने तुम्हाला मार्क सांगितला, मी तुम्हाला जॉन सांगतोय, कारण भाऊ तो बेसवाला आहे. आणि बेसवाल्यांचं काय असतं कुणास ठाऊक, या प्रकरणात सारखे तेच सापडतात. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या २००७ च्या सत्काराला गायक सॅमी हेगर आणि बेसवाला मायकेल अँथनी एवढे दोघंच पोचले, एडी व्हॅन हेलन तेव्हा व्यसनमुक्तीला दाखल होता, जुना गायक डेव्हिड ली रॉथ गाण्यांच्या निवडीवरून रुसून घरी. पिंक फ्लॉइड बँडमध्ये उलटं, १९९६ ला तेव्हाचे बँडवाले गेले आणि न जाणाऱ्यांत रॉजर वॉटर्स, जुना बेसवाला. आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर बीटल्स.

१९८८ ला बीटल्सचा सत्कार होता. जॉन लेनन जाऊन सात वर्षं झालेली. जॉर्ज हॅरिसन आला, रिंगो आला, जॉनच्या वतीने त्याची बायको योको आणि दोन्ही मुलं आली. पॉल मॅकार्टनी आला नाही, बेसवाला बरं का. त्याने लेखी कळवलं की आमचे धंद्याचे वाद वीस वर्षांनंतरही मिटलेले नाहीत, तिथे येऊन खोटं खोटं एकत्र आल्यासारखे हात हलवले तर मलाच ढोंगी वाटेल. आता तुम्ही काहीही म्हणा, मला हे पत्र आवडतं. ताप नाही, पाठदुखी नाही, पाहुणे आले नाहीत. पैशाचं भांडण आहे म्हणून येत नाही, संपलं.

आणि हाच पॉल १९९४ ला गेला. तेव्हा जॉन लेननचा एकट्याचा, बँडशिवायचा सत्कार होता, आणि जॉनच्या वतीने बोलायला पॉल उभा राहिला, भाषण नाही केलं, मेलेल्या दोस्ताला लिहिलेलं पत्र वाचलं, आम्ही पहिल्यांदा कसे भेटलो तिथपासून. नंतर योकोला मिठी मारली. सहा वर्षांपूर्वी भांडण होतं म्हणून गेला नाही आणि आता मित्र या जगात नाही म्हणून गेला, माणूस तोच.

आता तब्येतीचं. भाऊ हे करू नका, हात जोडतो. एक तर आपल्या भागात तब्येतीची बातमी फ्लेक्सपेक्षा जोरात पळते, दुपारी तुम्ही मंडळाला सांगाल बीपी वाढलंय आणि संध्याकाळपर्यंत चार जण केळी आणि नारळपाणी घेऊन ओट्यावर हजर, त्यात एक जण जळगावच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट पण घेऊन आलेला असेल. मग पडून राहा गोधडी घेऊन भर भाद्रपदात.

दुसरं, मी हे केलेलं आहे. २००९ ला धुळ्यात आमच्या जुन्या एकांकिकेच्या ग्रुपचा सत्कार होता, माझं तिथल्या एकाशी वाकडं होतं, कारण सांगण्यासारखं पण नाही इतकं फालतू होतं, तर मी संध्याकाळी पाच वाजता मेसेज टाकला, ताप आलाय. तिकडे निवेदकाने माझं नाव तीनदा पुकारलं. माझ्या दोस्ताला काय बोलावं सुचेना, तो म्हणाला येतोय, रस्त्यात आहे, ट्रॅफिक लागलंय. धुळ्यात, रात्री नऊला, ट्रॅफिक. लोक हसले. शेवटी त्यानेच माझी ट्रॉफी घेतली, त्यानेच माझ्या वतीने दोन शब्द सांगितले, आणि रात्री अकराला माझ्या घरी आला, एका हातात ट्रॉफी, दुसऱ्या हातात शेवभाजीचा डबा, आजारी माणूस म्हणून वेगळी कमी तिखटाची बनवून घेतलेली. मी बनियनवर मॅच बघत बसलेलो. त्याने डबा ओट्यावर ठेवला, म्हणाला "माले येडा समजस का तू?" आणि निघून गेला. चार महिने बोलला नाही. ज्याच्याशी वाकडं होतं त्याला तर माझ्या न येण्याचा पत्ताही नव्हता, तो जेवून मजेत घरी गेला होता.

म्हणून सांगतो, नाही जायचं तर नका जाऊ, सत्कार काही समन्स नाही. पण तुमच्याबरोबरचे बाकीचे दोघं आहेत ना, कीबोर्डवाला आणि जो कोणी दुसरा असेल तो, त्यांना आधी सांगा, मंडळाच्या आधी, आणि खरं कारण सांगा. त्यांना माईकसमोर तुमच्यासाठी खोटं बोलायला लागू नये. त्यांनाही ते मिक्सर आठवत असणार, त्यांचेही चार-चार हजार होते त्यात.

आता ता.क.

भाऊ, पैशाबद्दल तुम्ही एवढं सगळं लिहिलं, लाल टेप कोणत्या कोपऱ्यात होती ते पण लिहिलं, आणि ड्रमवाल्याबद्दल शेवटी दोनच वाक्यं. मी काही मनाचा डॉक्टर नाही पण वीस वर्षं लोकांची पत्रं वाचतोय, माणसाला जे खरं खुपतं ते तो ता.क. मध्ये लिहितो. मला असं वाटतं की सिंगर मधोमध बसला असता आणि तुमच्या बाजूला ड्रमवाला असता, तर तुम्ही कुरकुर करत का होईना गेला असता, दोघांनी मिळून त्या सिंगरच्या नावाने मागे बसून शिव्या घातल्या असत्या आणि घरी आला असता. चूक असेल तर चूक म्हणा.

तर जायचं की नाही ते बाजूला ठेवा, आधी मंडळाच्या अध्यक्षाकडे जा. पोरगं असेल तिशीतलं, त्याने तुमचा ऑर्केस्ट्रा ऐकलेलाही नसेल, फ्लेक्सवाल्याने साईजमध्ये बसत नाही म्हणून फोटो कापला असणार, यात कोणाचा डाव नसतो, कोणाचं लक्ष नसतं एवढंच असतं. त्याला मूळ फोटो द्या, पूर्ण. सांगा हा पाचवा माणूस, याच्याशिवाय ऑर्केस्ट्रा नव्हता, सारंगखेड्याच्या थंडीत आमची बोटं वळत नव्हती तेव्हा यानेच ठेका धरून ठेवला होता, किंवा तुमचं जे काही खरं असेल ते. पत्रिका छापून झाल्या असतील तर होऊ द्या, फ्लेक्स तर एका दिवसात दुसरा निघतो, आणि नाही निघाला तर निवेदकाच्या कागदावर नाव लिहून घ्या, स्वतःच्या डोळ्यासमोर. त्याच्या घरच्यांना बोलावणं गेलंय का तेही विचारा. त्याची बायको, पोरं गावातच असतील ना? बीटल्सच्या वेळी जॉनची ट्रॉफी कोणी घेतली ते वर लिहिलंच आहे.

एवढं झालं आणि तरी जायची इच्छा नसेल तर खुशाल घरी बसा, कोणी विचारलं तर पॉलसारखं सांगा. गेलात तर सिंगरशी हात मिळवायलाच पाहिजे असं काही नाही. आणि दोन गाणी वाजवताना ड्रमवर कोणाला बसवणार आहेत तेही बघून घ्या, नाहीतर कीबोर्डमधला रेडिमेड ठेका लावतील, ते मात्र मला चालणार नाही.

मिक्सरचे चार हजार गेले भाऊ. ते आता येत नाहीत.

प्रश्न २

आप्पा नमस्कार, मी नंदुरबारला बीएस्सीला आहे, गन्स अँड रोझेस बँडची डायहार्ड फॅन. त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझने हॉल ऑफ फेमला मला घेऊच नका असं लिहून कळवलं होतं तरी त्याला घेतलं, असं कसं? ज्याला यायचंच नाही त्याला जबरदस्ती कशाला?

उत्तर

बाई गं, बरोबर आहे तुझं. एप्रिल २०१२ ची गोष्ट, सत्कार १४ तारखेला आणि याचं पत्र ११ तारखेला, तीन दिवस आधी. लांबलचक पत्र होतं, सूर नम्र होता, धन्यवाद वगैरे सगळं होतं, पण मुद्दा असा की मी येणार नाही, माझ्या गैरहजेरीत मला घेऊ नका, आणि माझ्या वतीने कोणी काही स्वीकारू नये. त्यांनी घेतलंच. कारण हॉलवाल्यांच्या लेखी सत्कार बँडच्या कामाचा आहे, माणसाची सही लागत नाही. गावात एखाद्याच्या नावाने चौक करतात तेव्हा त्याच्या घरच्यांची परवानगी कोण घेतं?

त्या रात्री बँडमधला त्याचा जुना साथीदार इझी स्ट्रॅडलिनही आला नाही. स्लॅश, डफ मकेगन, स्टीव्हन अ‍ॅडलर, मॅट सोरम आले, गिल्बी क्लार्कही वाजवायला होता, आणि अ‍ॅक्सलच्या जागी माइल्स केनेडी गायला. डफने सांगितलं की आज कोण आलंय कोण नाही याला महत्त्व नाही, त्या बँडने जे संगीत केलं त्याला आहे. (डफ काय वाजवतो? बेस. वरच्या भाऊंनी नोंद घ्यावी.)

त्याच वर्षी अ‍ॅक्सलला कोणीतरी विचारलं, जुने सगळे परत एकत्र कधी? तो म्हणाला या जन्मात नाही. आणि २०१६ ला स्लॅश आणि डफबरोबर स्टेजवर उभा, आणि दौऱ्याचं नाव काय ठेवलं तर तेच, या जन्मात नाही! मला यात त्याचा राग नाही येत, गंमत वाटते. त्या २०१२ च्या डिसेंबरमध्ये तो स्लॅशशिवायच मुंबईला येऊन गेला होता आणि मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर स्लॅश-डफसकट आला. माझा भाचा भुसावळहून रात्रीच्या गाडीने गेला होता, जनरलच्या डब्यात दारात बसून, परत आला तेव्हा घसा बसलेला आणि नवा टीशर्ट. विचारलं कसं झालं, तर नुसता हात हलवून दाखवला.

अ‍ॅक्सलचं पत्र तरी सभ्य होतं, सेक्स पिस्टल्स या बँडचं २००६ चं शोधून वाच, आईसमोर नको. हाताने लिहिलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, शिव्यांसकट, आणि तक्रार अशी की सत्कार आमचा आणि सोहळ्यात बसायच्या टेबलाचे पंचवीस हजार डॉलर पण आम्हीच द्यायचे का. हॉलवाल्यांची कमाल म्हणजे त्यांनी तेच पत्र स्टेजवरून वाचून दाखवलं.

प्रश्न ३

पुरस्कार नाकारला तरी पैसे मिळतात का? आपल्याकडे कोणी नाकारलेत का? *(भुसावळ)*

उत्तर

दादा, थेट मुद्द्याला हात घातला. हॉल ऑफ फेममध्ये रोख काही नसतं, ट्रॉफी असते.

आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी पद्मश्री आणि ज्ञानपीठ दोन्ही नाही म्हटलं. जी. ए. कुलकर्णींनी १९७३ चा साहित्य अकादमी परत केला, पुस्तक नेमकं कोणत्या तारखेला निघालं यावरून वाद झाला आणि त्यांना ते पटलं नाही. सतारवाले विलायत खाँसाहेबांनी पद्मश्री नाकारली, मग पद्मभूषण नाकारलं, आणि २००० ला पद्मविभूषण दिलं तर तेही नाकारलं, सरकार दमलं पण खाँसाहेब दमले नाहीत.

पैशाचं पक्कं उदाहरण पाहिजे तर अमेरिकन गायक बॉब डिलन. २०१६ चं साहित्याचं नोबेल त्याला मिळालं, नाकारलं नाही पण सोहळ्याला गेला नाही, गायिका पॅटी स्मिथ जाऊन त्याचं गाणं गायली आणि मधेच शब्द विसरली, माफी मागून परत सुरू केलं. पदक त्याने पुढच्या एप्रिलमध्ये स्टॉकहोमला गुपचूप घेतलं. पण नोबेलचे पैसे व्याख्यान दिल्याशिवाय सुटत नाहीत, आणि त्याला मुदत असते, सोहळ्यापासून सहा महिने, म्हणजे १० जून २०१७. डिलनचं व्याख्यान रेकॉर्ड होऊन आलं ५ जूनला.